लिनक्सवर रेडिऑन आरएक्स ६६००

ऑक्टोबर २०२१ मध्ये बाजारात आलेले, ८ जीबी मेमरीचे, एएमडी कंपनीचे हे मध्यम ताकदीचे ग्राफिक्स कार्ड मी केवळ लिनक्सवर वापरतो. विंडोजवर ते कसे चालते याविषयी या परीक्षणात काहीही सापडणार नाही. कार्ड बसवून संगणक सुरू केला, तेव्हा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) म्हणून वेगळे काही डाउनलोड करावे लागले नाही. टर्मिनलमध्ये पाहिले तर कर्नेलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, एएमडीजीपीयू हे ड्रायव्हरचे मॉड्यूल आपण होऊन लोड केले होते, आणि फर्मवेअरच्या (खुद्द कार्डावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) फोल्डरमध्ये या चिपच्या फायली ‘डिमग्रे केव्हफिश’ या नावाने हजर होत्या. (रंग आणि मासा जोडून चिपचे बारसे करणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला माझी दाद आहे.)

ही सोय एका दिवसात झालेली नाही. एएमडीने २००६ मध्ये रेडिऑन बनवणारी एटीआय ही कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी रेडिऑन चिपची तांत्रिक कागदपत्रे मुक्त सॉफ्टवेअरच्या विकसकांसाठी खुली करण्याची घोषणा केली. एएमडीजीपीयू ड्रायव्हर २०१५ मध्ये, ४.२ या आवृत्तीपासून, मूळ कर्नेलमध्ये आला. ग्राहकाच्या दृष्टीने खरा फरक इथेच पडतो, कारण कर्नेलच्या आत असलेला ड्रायव्हर कर्नेलबरोबरच अद्ययावत होतो, तर बाहेरून बसवलेले मॉड्यूल प्रत्येक नव्या कर्नेलसाठी पुन्हा कंपाइल करावे लागते.

एएमडीची प्रतिस्पर्धी कंपनी एनव्हिडियाने बराच काळ हा दुसरा मार्ग धरला होता, आणि २०१२ मध्ये फिनलंडमधील एका कार्यक्रमात लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी तिच्यावर उघडपणे आगपाखड केली होती. मे २०२२ मध्ये मात्र तिने ट्युरिंग या पिढीच्या आणि त्यानंतरच्या चिपसाठी कर्नेल मॉड्यूलचा सोर्स खुला केला. व्हल्कन व ओपनजीएल (ग्राफिक्ससाठी) आणि कूडा (गणनेसाठी) यांचे वरचे थर बंदच राहिले, हे विसरता येणार नाही. पण केव्हफिशच्या त्या फायलीसुद्धा बंद बायनरीच आहेत, त्यामुळे एएमडीच्या खोक्यावरही ‘पूर्ण मुक्त’ असा शिक्का मारायला माझा हात धजत नाही.

व्हल्कनसाठी मी मेसा या मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या संचातील आरएडीव्ही हा ड्रायव्हर वापरतो. गंमत अशी की तो एएमडीने लिहिलेला नाही: बाहेरच्या विकसकांनी २०१६ मध्ये त्याची सुरुवात केली, स्टीम हे खेळांचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने त्याला बळ दिले आणि अखेर २०२५ मध्ये एएमडीने स्वतःचा एएमडीव्हीएलके हा प्रकल्प बंद करून याच ड्रायव्हरला आपले मानले. कागदपत्रे खुली केल्याचे फळ कंपनीला असे घरबसल्या मिळाले.

गणनेच्या कामात या कार्डाची बाजू लंगडी आहे. कूडा २००७ पासून मुरलेले आहे, तर कूडाला एएमडीचे उत्तर असलेल्या रॉकएमच्या अधिकृत यादीत या कार्डाचे नावच नाही. ज्यांना मशीन लर्निंग शिकायचे आहे त्यांनी तत्त्वे थोडी बाजूला ठेवून एनव्हिडियाचेच कार्ड घेतलेले बरे. खेळ, व्हिडिओ आणि रोजच्या कामासाठी मी हेच कार्ड पुन्हा घेईन.

मॉनिटर मी डिस्प्लेपोर्टनेच जोडला आहे. ४के आणि १२० हर्ट्झसारख्या एचडीएमआय २.१ च्या सुविधा मुक्त ड्रायव्हरमध्ये आणण्याचा एएमडीचा प्रस्ताव एचडीएमआयचे मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने नाकारल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये समोर आले होते. तेव्हा ४के आणि १२० हर्ट्झ हवे असतील, तर कार्डाआधी मॉनिटरच्या पाठीमागे डिस्प्लेपोर्ट आहे का ते पाहून घ्यावे.