नवा म्हणून बसवलेला जुना बलून: हवेवरच्या गाड्यांच्या मालकांनी आणि ड्रायव्हरांनी वाचावं

कोल्हापूर–मुंबई मार्गावर आमच्या स्लीपर बस चालतात, सगळ्या एअर सस्पेन्शनच्या, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी हवेने भरलेल्या रबरी बलूनवर तोललेल्या. ज्यांच्या गाड्या हवेवर आहेत, मग ती बस असो, टँकर असो की ट्रेलर, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं. आमचे पैसे गेले ते गेले, पण ज्या रात्री बलून फुटला त्या रात्री गाडीत माणसं झोपलेली होती.

एका गाडीचा मागचा डावा कोपरा रात्रभर उभी राहिली की खाली बसायचा. सकाळी इंजिन चालू करून टाकीत हवा भरली की पुन्हा वर यायचा. गाडी मुंबईत असताना ड्रायव्हरने ती तिथल्या एका गॅरेजला दाखवली. आमच्या लाइनच्या बऱ्याच गाड्या तिथेच जातात. मिस्त्रीने वाकून पाहिलं आणि मला फोन लावला, "शेठ, डाव्या बाजूचे दोन्ही बलून गेलेत. घाटात फुटला तर पॅसेंजर घेऊन कुठे उभे राहाल? कंपनीचा माल मागवतो, पक्क्या बिलावर." माल आला तो कंपनीच्या नावाच्या खोक्यात. पार्ट नंबर बरोबर, बिल जीएसटीचं, रबर काळंभोर आणि चकचकीत. बलून बसले. जुने दोन्ही त्याने "भंगारात टाकतो" म्हणून ठेवून घेतले. कोपरा बसायचा थांबला, पैसे चुकते झाले.

त्यानंतर ड्रायव्हर एक गोष्ट सारखी सांगत होता: "मालक, गाडी वळणावर जास्त कलते." गॅरेजवाल्याला विचारलं तर उत्तर आलं, नवं रबर आहे, बसेल हळूहळू.

पावसाळ्यात मुंबईहून परतताना, पुणे–सातारा रस्त्यावरचा खंबाटकी घाट चढताना त्यातला एक बलून फुटला. मागचा सगळा भाग खाली आला आणि बलूनच्या आतल्या रबरी ठोकळ्यावर (बंप स्टॉपवर) टेकला. टाकीतली हवा उतरायला लागली, बझर वाजला. ड्रायव्हर जुना माणूस, त्याने घाई न करता गाडी कडेला घेतली. ब्रेकची हवा राखून ठेवणारा प्रोटेक्शन व्हॉल्व्ह शाबूत होता म्हणून ब्रेक हाताशी राहिले. तो व्हॉल्व्ह नसता किंवा कुणी काढून टाकला असता, तर हवा संपल्यावर मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळले असते आणि भर घाटात, मागून ट्रक येत असताना, गाडी लेनच्या मध्यात रुतली असती. हा विचार आला की आजही अंगावर काटा येतो.

एक बलून फुटला तर एकच कोपरा बसायला हवा. दोन्ही बाजू का बसल्या? गाडी खालून तपासायच्या खड्ड्यावर घेतल्यावर उत्तर मिळालं. बहुतेक बसना पुढे एक आणि मागे डावी-उजवीकडे एकेक असे तीन लेव्हलिंग व्हॉल्व्ह असतात. चेसिस आणि एक्सल यांच्यातलं अंतर बघून ते आपल्या बाजूच्या बलूनमध्ये हवा सोडतात किंवा काढतात. आमच्या गाडीचा डावा व्हॉल्व्ह गळत होता. दुखणं तेवढंच होतं! गॅरेजवाल्याने तो बदललाच नाही. त्याचं तोंड बूच मारून बंद केलं आणि उजव्या बाजूच्या पाइपात टी (तीन तोंडांचा जोड) घालून डाव्या बलूनना तिथून हवा दिली. अशाने दोन्ही बाजूंची हवा एक होते. वळणावर ज्या बाजूला भार येतो तिथली हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी आणखी कलते. ड्रायव्हर जे सांगत होता ते हेच.

फुटलेला बलून आम्ही कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे नेला. त्यांच्या माणसाने साबणाच्या पाण्याने तो घासला तशी काळी पॉलिश फडक्यावर उतरली आणि खालचं राखाडी, तडे गेलेलं रबर दिसलं. तडे रबर चिकटवायचं सोल्यूशन भरून बुजवलेले. रबरावर पार्ट नंबरजवळ उत्पादनाची तारीख साच्यातूनच उमटलेली असते, ती जागा ग्राइंडरने घासून सपाट केलेली. वरच्या पत्र्याच्या प्लेटवर नवा रंग, रंगाखाली गंज. दुसरा, न फुटलेला बलूनही तसाच. म्हणजे आमच्या ठीकठाक बलूनच्या जागी कुणाचे तरी मोडीत काढलेले बलून आले होते. आणि आमचे? ते आज कुठल्या गाडीखाली चकचकीत होऊन बसलेत, देव जाणे.

ही लबाडी पकडणं अवघड का जातं, ते सांगतो. बलूनचं रबर खालच्या पिस्टनवर, म्हणजे बलूनच्या बुडाशी असलेल्या ठोकळ्यावर, पायमोजा गुंडाळावा तसं, दुमडून बसतं. तडे पडतात ते त्या घडीत, आणि खोक्यात असताना ती घडी मिटलेली असते. म्हणून बसवण्याआधी बलून हाताने पूर्ण ताणा, उन्हात धरा, घडीच्या जागेवरून ओलं पांढरं फडकं फिरवा. फडकं काळं झालं, तारीख सापडली नाही, बोल्टच्या आट्यांवर पान्याच्या खुणा दिसल्या, यातलं काहीही असलं तरी परत करा. खोक्यावर एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि उत्पादकाचा पत्ता छापणं कायद्याने बंधनकारक आहे. पण नुसत्या खोक्यावर जाऊ नका, खोकं छापणं सोपं असतं. रबरावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर ताडून पाहा.

त्याही आधी, गळती कुठे आहे ते तुमच्या डोळ्यांसमोर साबणाच्या पाण्याने दाखवायला सांगा. बलूनची घडी, वरची प्लेट, पाइपाचे जोड, लेव्हलिंग व्हॉल्व्हचं बाहेर हवा सोडणारं तोंड, सगळीकडे पाणी मारायचं. बुडबुडे आले ती जागा. गाडी समपातळीत शांत उभी असताना व्हॉल्व्हच्या तोंडाशी बुडबुडे येत राहिले तर दोष बलूनचा नाही. याला काही मिनिटं लागतात आणि जो मिस्त्री हे टाळतो त्याच्याकडून गाडी सरळ बाहेर काढा.

त्या गॅरेजमध्ये आमच्या ड्रायव्हरने आणखी एक प्रकार पाहिला होता. पोरगं हवेवर उचललेल्या गाडीखाली स्टँड न लावता शिरत होतं, आणि सुटा बलून जमिनीवर ठेवून कॉम्प्रेसरने फुगवून "बघा, गळत नाही" असं दाखवलं जात होतं. दोन्ही जीवघेणं आहे. गाडीत न बसवलेल्या बलूनला वाढायला आवर नसतो, प्लेट सुटून माणसाला लागू शकते. चेसिसला पक्के स्टँड, चाकांना ओट (अडसराचे ठोकळे), हवा पूर्ण सोडलेली, मगच पाना लावायचा. ते पोरगं कुणाचं तरी आहे.

बलून लवकर मरतात ते बहुतेक वेळा शेजारच्या पार्टांमुळे. शॉकअप (शॉक अब्सॉर्बर) गेला की बलून मर्यादेबाहेर ताणला जातो. कॉम्प्रेसर तेल फेकायला लागला की ते हवेबरोबर आत जाऊन रबर आणि व्हॉल्व्ह खातं, म्हणून हवेच्या टाक्यांत साचलेलं पाणी नियमित काढायचं आणि हवेतला ओलावा काढणाऱ्या ड्रायरचं कार्ट्रिज वेळेवर बदलायचं. धुताना डिझेल किंवा थिनर रबराला लावू नका, साबणपाणी पुरे. पिस्टन आणि रबर यांच्यात अडकलेले खडे दर धुण्याला काढा. बलून फुगलेला असताना चारही बाजूंनी इंचभर तरी मोकळी जागा हवी. पाइप किंवा क्लॅम्प घासत असेल तर बलून तिथेच कापला जाणार.

तक्रारीचं म्हणाल तर एकच गाडी असलेल्या, तिच्यावरच पोट असलेल्या माणसाला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक आयोगाकडे जाता येतं. स्वयंरोजगारासाठी घेतलेला माल व्यापारी खरेदी धरत नाहीत. मुदत दोन वर्षांची आणि 5 लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा. आमच्यासारख्या जास्त गाड्यावाल्यांना तो रस्ता अवघड जातो, म्हणून आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली आणि ज्या कंपनीचं नाव वापरलं तिलाही फोटोंसह कळवलं. खोटा ट्रेडमार्क लावून माल विकण्याला 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. फुटलेला बलून, खोकं, बिल, गॅरेजवाल्याचे मेसेज, सगळं जपून ठेवलंय.

आता आमच्या गाडीतून निघालेला कुठलाही बलून आम्ही गॅरेजला देत नाही. ड्रायव्हर त्याला घडीवरून आरपार सुरी लावतो, प्लेटवर छिन्नीने घाव घालतो, आणि मगच तो भंगारात जातो.