पेट्रोलचा वास आणि मागच्या सीटखालची रबर रिंग: ११ महिन्यांचा अनुभव

गाडी वापरलेलीच घेतली, त्याला आता ११ महिने झाले. क्लच हलका आहे, सस्पेन्शन थोडं कडक, मायलेज अपेक्षेइतकं. बाकीचं सगळ्यांना माहीत आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. मला लिहायचंय ते पेट्रोलच्या वासाबद्दल. या एका गोष्टीने मला सहा महिने छळलं, आणि मध्ये एकदा मी वैतागून गाडी विकायलाही काढली होती.

तिसऱ्या महिन्यात लांबच्या प्रवासाआधी टाकी फुल केली. आई मागे बसली होती. अर्ध्या तासात तिचं डोकं दुखायला लागलं. "पेट्रोलचा वास येतोय रे," ती म्हणाली. मला पुढे काहीच जाणवत नव्हतं. म्हटलं, आत्ताच पंपावरून निघालोय, जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि वासाचा भपकारा माझ्याच नाकात शिरला. आईचं तेव्हाच ऐकायला हवं होतं.

पहिल्या वर्कशॉपने बॉनेट उघडून होस, इंजेक्टरची रेल, सांधे बघितले, गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावला आणि सांगितलं, "एकही कोड नाही, म्हणजे दोष नाही." हे वाक्य मी पुढे आणखी दोन ठिकाणी ऐकलं. ते चुकीचं आहे. टाकीतून वाफ गळतेय का, हे तपासणारी यंत्रणा प्रत्येक गाडीत नसते. आणि असते तिथेही टाकी जवळजवळ भरलेली असेल तर ती चाचणी सहसा चालतच नाही. माझी तक्रार तर टाकी भरल्यावरचीच होती!

दुसऱ्या ठिकाणी टाकीचं झाकण बदललं. फरक शून्य. मग त्यांनी चारकोल कॅनिस्टरवर बोट ठेवलं, आणि मला ते पटलंही. गाडी उभी असताना टाकीतली वाफ कॅनिस्टरमधला कोळसा धरून ठेवतो, आणि इंजिन चालू झालं की पर्ज व्हॉल्व्हमधून ती ओढून जाळली जाते. पंपावर ऑटो कट झाल्यावरही, म्हणजे टाकी भरल्यावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही, भरत राहिलं तर वाफेच्या वाटेने पेट्रोलच तिथे पोचतं आणि कोळसा भिजतो. मला ती सवय होती. पण नव्या कॅनिस्टरचा आकडा ऐकून मी थांबलो. आधी सवय सोडली आणि तीन वेळा फक्त ऑटो कटपर्यंत भरलं. वास तसाच. न तपासता पैसे दिले असते तर ते पाण्यात गेले असते.

मग मी वही घातली. टाकी किती, एसी कोणत्या मोडवर, वास पुढे की मागे. दोन महिन्यांत चित्र स्वच्छ झालं. पाऊण टाकीच्या वर वास, अर्ध्याच्या खाली अजिबात नाही. वळणावर आणि ब्रेक मारल्यावर जास्त. एसी बाहेरची हवा घेत असेल तर कमी, आतलीच हवा फिरवत असेल तर असह्य. बॉनेटखाली गळत असतं तर नेमकं उलट झालं असतं, आणि टाकी कितीही असली तरी वास आला असता. म्हणजे गळती मागे होती, टाकीच्या वरच्या अंगाला.

तिसऱ्या वर्कशॉपने गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि "वास नाही" म्हणून परत दिली. टाकी पाव होती! दुसऱ्या दिवशी फुल करून तशीच दारात नेली आणि सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरना मागे बसवलं. दोन मिनिटांत ते काच खाली करून म्हणाले, "सीट उचलूया."

सीटखाली पत्र्याचं झाकण, त्याखाली टाकीत बसवलेल्या फ्युएल पंपाचं तोंड. भोवती धूळ ओली होऊन काळी पडलेली. पंप जागेवर घट्ट धरणाऱ्या लॉक रिंगखालची रबरी सील एका बाजूला खाचेतून निसटून चिमटली होती.

गाडीच्या बनावटीत खोट आहे, असं मी इतके दिवस म्हणत होतो. ते मत मागे घेतो. त्याच संध्याकाळी जुन्या मालकाने दिलेली फाइल पहिल्यांदा नीट वाचली. पंप एकदा बदललेला होता. सील बसवणाऱ्याच्या हातून राहिली, गाडीचा दोष नाही. उलट या गाडीत टाकी न उतरवता सीटखालून पंपापर्यंत पोचता येतं, याचं मला मनापासून कौतुक वाटलं.

भांडण पुढे झालं. वर्कशॉपवाल्यांना पूर्ण पंप असेंब्ली बदलायची होती. पंप उत्तम चालतोय, फक्त सील बदला, यावर मी अडून बसलो. त्यांनी जुनीच पुसून बसवली. आठवड्याने टाकी भरली आणि वास परत. पेट्रोलमध्ये राहून फुगलेलं रबर खाचेत पुन्हा नीट बसत नाही, हे त्यांना माहीत असायला हवं होतं. मी पुन्हा गेलो, नवी सील समोर बसवून घेतली, लॉक रिंग खुणेपर्यंत फिरल्याचं डोळ्यांनी पाहिलं.

हे घरी करायचा मोह मी टाळला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, सीटखाली आणि फरशीलगत साचते, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी ठिणगीने पेटते. त्यांनीही टाकी अर्ध्याखाली आणून, बॅटरीची निगेटिव्ह काढून, उघड्यावर काम केलं. वास येत असताना मी महिनोन्‌महिने काचा बंद करून आईला मागे बसवत होतो, याचं आजही वाईट वाटतं.

आता अडीच महिने झाले. सात वेळा टाकी फुल केली, एकदाही वास नाही. गाडी विकायचा विचार सोडला. पत्र्याच्या झाकणाची फोमची पट्टी फाटलीय आणि तिथून धूळ आत जाते. तेवढी पुढच्या सर्व्हिसला बदलून घेणार आहे.