चिखलदऱ्यात मुक्काम: दरीकाठी, मोथ्यात की खाली परतवाड्याला?

पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, डवरा फिरून झाला, चार दिवस हात मोकळे झाले, की आमच्या घरी चिखलदऱ्याचा विषय निघतोच. जायचं की नाही यावर वाद नसतो, वाद राहायचं कुठे यावर. गेल्या काही वर्षांत तिन्ही ठिकाणी राहून झालं, म्हणून लिहितो. हे सगळं पावसाळ्यापुरतं आहे. उन्हाळ्यात वर पाण्याचीच ओढाताण असते, तेव्हाचा हिशेब वेगळा.

परतवाडा आधी उरकतो. लॉज स्वस्त, जेवण चांगलं, रात्री औषध लागलं तरी दुकान सापडतं. पण चिखलदऱ्याचं धुकं कोणाला विचारून फाटत नाही. घाट चढून आम्ही देवी पॉइंटला पोचलो तेव्हा चहावाला म्हणाला, "आत्ताच दिसत होतं सारं, काकाजी." पुढचे तीन तास पांढरं. तिथे दरीचं दर्शन हवं असेल तर वरच मुक्कामी असावं लागतं, हे त्या दिवशी पटलं.

मेळघाटच्या जंगलातलं सेमाडोह-कोलकास बरेच जण सुचवतात. सिपना नदीचा काठ आहे, जागा सुंदर आहेच. पण पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातली सफारी बंद असते. मी ते हिवाळ्यासाठी राखून ठेवलं आहे.

म्हणजे खरा सामना दरीकाठचं हॉटेल आणि मोथा यांच्यात.

दरीकाठच्या हॉटेलला नावं ठेवायला मन होत नाही. आम्ही राहिलो तिथे खोली मोठी, गरम पाणी वेळेवर, आणि बाल्कनी अशी की धुकं हटलं की पायाखाली मेळघाट. बायकोला ते अजूनही आवडतं. माझं बिनसलं ते रजईवर. रात्री अंगावर ओढली तर गार, जड, आणि वास असा की सरकी पावसात भिजून पडली आहे. हॉटेलच्या पोराला बोलावलं. त्याने रजई हाताने चाचपली आणि अगदी मनापासून म्हणाला, "वल्ली नाई, काकाजी, थंडी हाय." दुसरी आणली, तीही तशीच थंडी. गादीचंही तेच. शेवटी स्वेटर, त्यावर रेनकोट, अशा वेशात झोपलो. सकाळी दोरीवरचे मोजे रात्रीपेक्षा जास्त ओले होते.

दोष त्यांचा एकट्याचा नसावा. अकराशे मीटरवर ढग दारातच बसलेला, बाल्कनी उघडली की तोच खोलीत येतो. दरीचं दृश्य आणि कोरडं अंथरूण एकाच दरवाजातून येत नाही, एवढंच. इंग्रजांनी इथला गाविलगड किल्ला 1803 च्या डिसेंबरात घेतला. श्रावणात आले असते तर बारूदही "थंडी" निघाली असती.

मोथा चिखलदऱ्याला लागूनच. गवळ्यांचं गाव, दूध-खव्याचं. तिथे एका घरी बाजूची खोली पाहुण्यांना देतात. खोली साधी. खिडकीतून दरी नाही, गोठा दिसतो. संडास-न्हाणी अंगण ओलांडून, म्हणजे रात्री छत्री आणि बॅटरी दोन्ही लागतात. पहाटे चार वाजता म्हशी उठवतात, हे आधीच सांगून ठेवतो.

पण भिंतीपलीकडे चूल आहे, दिवसभर धगधगती. रजया तिच्याजवळच्या दोरीवर टाकलेल्या असतात. अंगावर घेतली तेव्हा धुराचा वास आला, आणि ती कोरडी होती. कोरडी! पाच मिनिटांत झोप लागली. जेवणात ज्वारीची भाकर, ठेचा, वांग्याचं भरीत, वर वाटीभर रबडी. बाजारातल्या रबडीपेक्षा कमी गोड वाटली, कदाचित भुकेचाही हात असेल. म्हशींमुळे जाग आलीच होती, म्हणून उजाडायला पॉइंटवर पोचलो, तर पंधरा-वीस मिनिटं दरी मोकळी मिळाली. हॉटेलात असतो तर तेवढ्यात चहाची वाट पाहत बसलो असतो.

सोबत म्हातारी माणसं असतील, गुडघे दुखत असतील, तर हॉटेलच घ्या. अंगणातली शेवाळलेली फरशी त्यांच्यासाठी नाही. नवीन लग्न झालेल्यांनाही गोठ्याकडची खिडकी सुचवणार नाही. हॉटेलात शक्यतो दरीच्या उलट बाजूची खोली मागावी, आणि पैसे देण्याआधी रजईत हात घालून बघावा. शनिवार-रविवारी मात्र कुठेच जाऊ नका, तेव्हा पॉइंटवर धुक्यापेक्षा गाड्यांचा धूर जास्त.

आम्ही या खेपेलाही मोथ्यालाच जाणार असं दिसतं. बायको अजून पूर्ण हो म्हणालेली नाही, पण बॅटरीचे सेल तिनेच आणून ठेवलेत. निघाल्यावर परतवाड्यातून त्या घरी फोन करायचा असतो. त्यांच्याकडे रेंज अंगणाच्या एकाच कोपऱ्यात येते, म्हणून दोन-तीनदा लावावा लागतो. लागला की काकू विचारतात, "किती जण?" आणि तेवढ्या रजया दोरीवर जातात.