कानातली शिट्टी आणि कानाचं मशीन : एक पावसाळा काढल्यावर

मला ऐकू कमी येतं आणि कानांत सतत शिट्टी वाजते (टिनिटस म्हणतात तिला), म्हणून मशीन वापरतो. ऐन श्रावणात उजव्या कानाचं मशीन मुकं झालं. जिथून घेतलं त्या दुकानात नेलं. तिथल्या माणसाने ते कानाशी धरलं आणि सांगून टाकलं, "रिसिव्हर (कानात आवाज सोडणारा भाग) गेला, साडेसहा हजार पडतील." वॉरंटीचं विचारलं तर म्हणे ओलाव्याने बिघडलेलं त्यात बसत नाही. उघडून बघायचीही तसदी घेतली नाही. मी पैसे न देता उठलो आणि कोल्हापूरला ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) मॅडमकडे गेलो.

त्यांनी कानात जाणाऱ्या टोकावरची रबरी टोपी काढली. तिच्याखाली मोहरीहून लहान पांढरी जाळी असते, ती मळाने पार बुजली होती. जाळ्यांच्या पाकिटात बारक्या काड्या असतात. काडीच्या एका टोकाने जुनी जाळी ओढून काढली, काडी फिरवली, दुसऱ्या टोकावरची नवी दाबून बसवली. मशीन सुरू! अख्खं पाकीट काही शे रुपयांचं. हे विकताना सांगायला काय जात होतं? प्रत्येक कंपनीची जाळी वेगळी असते, म्हणून मशीन घेतानाच नेमकी कोणती लागते ते लिहून घ्या आणि बदलायची कशी ते समोर करून दाखवायला लावा.

आता मूळ दुखण्याचं. उमेदीची वर्षं इचलकरंजीत मागावर गेली. आवाजाची मर्यादा आठ तासांना 90 डेसिबल, असं कारखान्यांचे नियम सांगतात. माग चालू असताना शेजारच्याशी ओठांवरूनच बोलावं लागायचं. ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, दोन्ही कानांचा आलेख 4000 हर्ट्झला, म्हणजे बारीक चिरक्या सुरांपाशी, खाली गेला. मग मॅडमनी एकेक सूर वाजवून "ही की ही?" विचारत माझी शिट्टी जुळवली, तीही तिथेच आसपास. जोर मोजला तर ऐकू येण्याच्या उंबरठ्याच्या जेमतेम वर. रात्रभर जागवणारा आवाज एवढासा, यावर घरात कुणाचा विश्वास बसेना. माझं दोन्ही कानांत आहे, म्हणून एमआरआय लागला नाही. एकाच कानात येत असेल, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धपधप होत असेल, तर मशीनच्या दुकानात न जाता आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.

त्याआधी जिंकोच्या (एका झाडाच्या पानांच्या अर्काच्या) गोळ्यांवर बराच पैसा गेला. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने 2014 सालीच या आवाजासाठी जिंको, झिंक, मेलाटोनिन सुचवू नये असं लिहून ठेवलंय. लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी ते वाचायला हवं होतं.

मशीनमधल्या मास्करबद्दल, म्हणजे शिट्टी झाकायला दुसरा आवाज सोडणाऱ्या सोयीबद्दल, माझं मत मात्र पालटलं. सुरुवातीला लाटांचा आवाज लावला की शिट्टी मागे सरायची, भेटेल त्याला मी ते सांगत होतो. पुढे कळलं, मास्कर बंद ठेवला तरी मशीन घातल्यावर शिट्टी मागेच राहते. नळाचं पाणी, पिशवीची खसखस, नातीचा बारीक आवाज परत ऐकू येतो आणि लक्ष तिकडे लागतं. खरा त्रास होतो रात्री, आणि तेव्हा मशीन चार्जरमध्ये! मग मास्करवाल्या मॉडेलला जास्तीचे पैसे कशासाठी मोजायचे? ज्यांना ऐकू कमी येतं त्यांनी साधं पण नीट ट्यूनिंग केलेलं मशीन घ्यावं. रात्री मी मोबाइलवर पावसाचा आवाज लावतो, शिट्टी पूर्ण बुडणार नाही इतकाच हळू. मॅडमनीच सांगितलं, दोन्ही ऐकू येऊ देत, म्हणजे मेंदूला शिट्टीची सवय होते. झोप बरीच सुधारली आहे, शिट्टी गेलेली नाही.

मुंबईकरांनी दुकानात शिरण्याआधी वांद्र्याच्या अली यावर जंग वाचा-श्रवण संस्थेत तपासणी करून घ्यावी, ती केंद्र सरकारची आहे.

दुकानदाराला लेखी तक्रार दिली आहे, पोच घेतली आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो.