थंडीतला गोल्फ: विंटर ग्लोव्हजची जोडी की एक ग्लोव्ह आणि मिटन?

कडाक्याच्या थंडीत अंगात काय घालायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. एका जाडजूड जाकिटापेक्षा पातळ कपड्यांचे थर बरे, हे पहिल्याच हिवाळ्यात कळतं. अडतं ते हातांपाशी. तिथे पर्याय मोजून दोन: दोन्ही हातांत विंटर ग्लोव्हज चढवून सगळा राउंड खेळायचा, नाहीतर नेहमीचा एका हाताचा पातळ चामडी ग्लोव्ह ठेवायचा आणि दोन फटक्यांच्या मधे वरून ऐसपैस मिटन, म्हणजे बोटांना वेगळ्या खोळी नसलेले हातमोजे, घालायचे. मी दोन्ही प्रकार करून बघितलेत.

विंटर ग्लोव्हजची बाजू लंगडी नाही. टी-शॉटला, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्याला, आणि फेअरवेवरच्या (मधल्या कापलेल्या गवतावरच्या) लांब फटक्यांना ते झकास. वरून उबदार कापड, तळव्याला पकड देणारं कृत्रिम कापड, त्यामुळे बोचरा वारा बराचसा बाहेरच राहतो. भुरभुर पाऊस असेल तर मग विचारायलाच नको. चामडं भिजलं की हातात बुळबुळीत होतं, कृत्रिम तळवा त्यापेक्षा बराच काळ टिकाव धरतो. क्लबची ग्रिप, म्हणजे मूठ, मात्र हातात जरा जाड लागते. त्यामुळे मनगटं उशिरा वळतात की काय कोण जाणे, पण माझे चेंडू उजवीकडे रेंगाळायला लागले. सवयीने हे जातं म्हणतात. जातही असेल.

मला नडलं ते ग्रीनपाशी, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतापाशी. जाड ग्लोव्हजमधून चिप (ग्रीनकडे हलकेच टाकायचा छोटा फटका) मारताना क्लबचं डोकं कुठे आहे याचा पत्ताच लागत नाही, म्हणून दोन्ही काढायचे. मग उघड्या हातांनी चिप, वाकून चेंडूच्या जागी मार्कर ठेवणं, चेंडू उचलून पुसणं, इतरांचे पट (चेंडू खळग्याकडे घरंगळवायचे फटके) संपेपर्यंत ताटकळणं, आणि शेवटी स्वतःचा पट. म्हणजे हात सर्वांत जास्त वेळ गारठतात तिथेच ग्लोव्हज खिशात. त्यावर कडी म्हणजे घाम आणि दव यांनी आतलं अस्तर ओलसर झालेलं असतं. बोट बाहेर ओढलं की त्याबरोबर अस्तरही बाहेर येतं, आणि पुढचा होल सुरू करताना एकेका बोटाचं अस्तर टीच्या (चेंडू ठेवायच्या खुंटीच्या) टोकाने आत ढोसत बसायचं, तेही बधिर बोटांनी. हा प्रकार प्रत्येक होलला. थंडी सोसवते हो, पण ही कटकट नाही.

मिटनचं काम सरळ आहे. चारही बोटं एकाच खोळीत असल्याने एकमेकांना ऊब देतात, ओढलं की हात मोकळा आणि पट मारून झाला की परत आत. उरतो तो चामडी ग्लोव्ह. तो पटपुरता काढला तरी अस्तराचा प्रश्न नाही, कारण त्याला अस्तरच नसतं. गारठलेला माणूस नकळत ग्रिप आवळून धरतो आणि तिथून स्विंग बिघडतो. मिटन घ्यायला लागल्यापासून माझी पकड सैल राहते, निदान मला तरी तसं जाणवतं.

आत हात शेकायचं पाकीट ठेवलं तर आणखी बरं. त्यातली लोखंडाची पूड हवेशी संयोग होऊन तापते, त्यामुळे ते घट्ट कोंबलं तर थंड पडतं. मधूनमधून बाहेर काढून हलवायचं. अर्धं वापरलेलं पाकीट हवाबंद पिशवीत ठेवलं तर पुढे कामी येतं. हात शेकायला नियमांची हरकत नाही, पण त्याच खोळीत चेंडू ठेवायचा मोह टाळा. मुद्दाम तापवलेला चेंडू मारणं गोल्फच्या नियम 4.2 मध्ये बसत नाही आणि शिक्षा थेट बाद होण्याची आहे.

अंतर कमी पडतं म्हणून ग्लोव्हजना दोष देणारे भेटतात. तो दोष बहुतांशी हवेचा असतो: शून्य अंशाची हवा तीस अंशाच्या हवेपेक्षा साधारण 11 टक्के दाट असते, शिवाय गार चेंडूची उसळी कमी. एक क्लब मोठा, म्हणजे चेंडू जास्त लांब नेणारा, घ्या, हातात काहीही असो.

मिटनचेही तोटे आहेत. काढून ट्रॉलीवर ठेवलेला एखादा मागच्या ग्रीनवरच राहतो, म्हणून दोन्ही दोरीने जोडलेले घ्यावेत. पावसात ते भिजून जड होतात. घाईने खेळणाऱ्यांबरोबर असाल तर दर फटक्याला काढ-घाल करताना थोडं ओशाळल्यासारखं होतं. तुमच्याकडची थंडी ओली असेल आणि जाड ग्रिपने तुमचं काही बिघडत नसेल, तर विंटर ग्लोव्हजची जोडी घेण्यात चूक नाही. कोरड्या थंडीत, आणि ज्याचा खेळ ग्रीनच्या आसपास तरतो त्याला, मी मिटनच सुचवेन. माझी विंटर ग्लोव्हजची जोडी आता फक्त पावसासाठी बॅगेत असते.