छतावर दोन फुटी की खळ्यात आठ फुटी? खानदेशात फुकटच्या वाहिन्यांसाठी डिश निवडताना

आधी एक समज बाजूला ठेवू. मोठी डिश लावणं अवघड, कारण तिचा नेम फार बारीक धरावा लागतो, असं बहुतेक जण धरून चालतात. घरावरची छोटी छत्री मात्र कुणीही फिरवून लावतो. हिशेब मांडला की वेगळंच निघतं. डिशला आकाशाचा किती रुंद पट्टा दिसतो, हे तिच्या आकारावर आणि लहरीच्या लांबीवर मिळून ठरतं. डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची बिनभाड्याची सेवा, केयू-बँड या लहरींच्या गटावर येते, तिथे लहर अडीच सेंटिमीटरच्या आसपास. मोठ्या डिश ज्यावर चालतात त्या सी-बँडची लहर साडेसात सेंटिमीटर. लहर तिप्पट, डिशही तिप्पट. म्हणजे ६० सेंटिमीटरच्या छत्रीला नेमात जेवढी ढिलाई मिळते, तेवढीच ६ फुटी सी-बँड डिशलाही मिळते.

| | ६० सेंमी, केयू-बँड | ६ फुटी, सी-बँड | ८ फुटी, सी-बँड |
|---|---|---|---|
| दिसणारा पट्टा | सुमारे ३ अंश | सुमारे ३ अंश | २ अंशांच्या थोडं वर |
| समोरचं क्षेत्रफळ | ०.३ चौ. मी. | २.६ चौ. मी. | ४.७ चौ. मी. |
| समोरून ताशी ६० किमी वारा आला तर भरीव डिशवरचा दाब | ६ किलो | ५५ किलो | ९५ किलो |

निवड करताना शेवटची ओळ बघा. मोठ्या डिशची खरी परीक्षा खांबाची आणि पायाची आहे, आणि ती खानदेशात जरा जास्तच कडक होते.

वारा आणि काळी जमीन

आखाजीपासून मृगापर्यंत आपल्याकडे जी वादळं येतात ती कशी असतात, हे रावेर-यावलच्या केळीवाल्याला विचारा. एका संध्याकाळी उभी बाग आडवी होते. छोट्या छत्रीवर तेव्हा पाच-सहा किलोचा दाब येतो, चार खिळे नीट बसलेले असले की विषय संपला. आठ फुटी भरीव डिशवर मात्र क्विंटलभर जोर येतो, तोही एकसारखा नाही, धक्क्याधक्क्याने. पट्टा दोन अंशांचा आहे. खांबावरची पकड जराशी सरकली, दीड अंश फिरली, की सकाळी चित्र गायब आणि शेजारी विचारतो, "काय भो, डिश फिरी गयी का?"

जाळीची डिश घेतली तर वारा आरपार जातो म्हणतात. थोडा जातो. पण सी-बँड नीट पकडायचा तर जाळीचं भोक चार-पाच मिलिमीटरच्या वर चालत नाही, आणि इतकी बारीक जाळी जोराच्या वाऱ्याला बऱ्यापैकी भिंतच वाटते. जाळीचा खरा फायदा वेगळा आहे, तो पुढे येईल.

आता जमीन. तापीकाठची काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. दीड फूट खड्डा, त्यात खांब आणि वरून सिमेंट ओतलं, तर एका पावसाळ्यात खांब कलतो. तो कलला की डिश कितीही घट्ट आवळलेली असली तरी नेम गेलाच. म्हणून काळ्या जमिनीत काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. कुठे तीन फुटांवर लागतो, कुठे पाच फूट जावं लागतं. मुरूम फारच खोल असेल तर डिश जमिनीवर लावण्याचा हट्ट सोडा आणि आरसीसी गच्चीच्या कॉलमवर लावा. धाब्याच्या (मातीच्या छताच्या) घरावर किंवा पत्र्यावर आठ फुटी बसवायची नाही, यात चर्चेला जागा नाही. छोटी छत्री धाब्याच्या भिंतीलाही चालते. हा मुद्दा पूर्णपणे छोटीच्या बाजूने.

फुकट म्हणजे नेमकं काय

इथेच लोकांची सगळ्यात मोठी फसगत होते. आठ फुटी लावली की केबलवर दिसतं ते सगळं फुकट येतं, असा समज अजूनही आहे. नव्वदच्या दशकात त्यात थोडं तथ्य होतं. आज सी-बँडवर मोठ्या मनोरंजन आणि खेळ वाहिन्या येतात, पण कुलूपबंद. त्या केबलवाल्यांच्या डिकोडरसाठी असतात, तुमचा बॉक्स नुसतं नाव दाखवील. उघड्या मिळतात त्या बातम्यांच्या, भक्तीच्या, दूरदर्शनच्या प्रादेशिक आणि शेजारी देशांतल्या काही वाहिन्या. आज उघडी असलेली वाहिनी उद्या बंद होऊ शकते, तक्रार करायला जागा नाही.

फ्री डिश २००४ च्या डिसेंबरात डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. आता ती ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते. दोनेक हजारांत छत्री, एलएनबी (डिशसमोरचा, सिग्नल झेलणारा भाग), बॉक्स सगळं होतं आणि पुढे महिन्याचं भाडं नाही. खासगी वाहिन्यांच्या जागा प्रसार भारती लिलावाने देते, त्यामुळे यादी बदलत राहते. सह्याद्री मात्र कायम. घेताना बॉक्स एमपेग-४ (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) चा आहे ना, एवढं विचारा, जुन्या एमपेग-२ बॉक्सवर यादीचा काही भाग दिसतच नाही.

ज्यांना टीव्ही पाहायचा आहे त्यांच्यासाठी माझ्या मते हा निकाल इथेच लागतो: छोटी घ्या. मोठी त्यांच्यासाठी, ज्यांना आकाश चाळायला आवडतं, ज्यांना आज ६८.५ आणि उद्या ८३ अंशांवर काय नवं आलं हे बघण्यातच मजा येते. हा छंद आहे, त्याला काटकसरीचं नाव देऊ नका.

पावसाचा मुद्दा विक्रेते फार रंगवतात. मुसळधार सरीत केयू-बँड जातो आणि सी-बँड टिकतो, हे खरं आहे. पण खानदेशातला पाऊस म्हणजे कोकण नव्हे. वर्षातून काही तास चित्र गेलं म्हणून खळ्यात आठ फुटी उभी करणं परवडत नाही. उलट सी-बँडला नवा शेजारी मिळाला आहे: फाइव्ह-जीचे टॉवर ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झमध्ये बोलतात, सी-बँडच्या वाहिन्या ३.७ च्या वर. टॉवर जवळ असेल तर साधा एलएनबी त्या गोंगाटाने गुदमरतो. फिल्टर लावावा लागतो.

नेम धरताना

इथे दोन्ही डिशचं वागणं खरोखर वेगळं आहे, म्हणून जरा थांबून बघू.

जळगावहून ९३.५ अंशांवरचा उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १३८ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ५८ अंश वर दिसतो. धुळ्याहून तो १३६-१३७ आणि साडेसत्तावन्न, नंदुरबारहून १३६ आणि ५७. ८३ अंशांचा जीसॅट-३० जळगावहून १६० वर, ६४ अंश उंच. ६८.५ अंशांचा इंटेलसॅट-२० दक्षिणेच्या पलीकडे १९९ वर, उंची तीच ६४. सातपुडा उत्तरेला असल्यामुळे आड येत नाही. झाडांचीही फार काळजी नको: ५८ अंशांच्या उंचीला दहा मीटरचं निंबाचं झाड सहा मीटरच्या आत असेल तरच अडवतं.

होकायंत्राचं उत्तर आणि खरं उत्तर यांत आपल्या भागात अंशभरही फरक नाही, त्यामुळे मोबाइलमधलं होकायंत्र चालतं. फक्त लोखंडी खांबापासून चार पावलं लांब उभं राहून दिशा घ्या आणि समोरच्या एखाद्या खुणेवर ती लक्षात ठेवा.

उंचीच्या बाबतीत छोटी छत्री फसवते. तिचा एलएनबी खालच्या बाजूला असतो, त्यामुळे ती वाटते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर पाहत असते. ५८ अंशांसाठी लावलेली छत्री बघणाऱ्याला बरीच उभी दिसते. मोठी डिश अशी लबाडी करत नाही. एलएनबी बरोबर मधोमध, आणि डिश जिकडे तोंड करून आहे तिकडेच पाहते. कडेवर सरळ पट्टी टेकवून त्यावर मोबाइलमधलं कोनमापक ठेवा, आडव्यापासून ३२ अंश आला की उंची ५८ झाली.

पण मोठीचं काम नेम धरण्याआधीच सुरू होतं. गवंड्याचा ओळंबा घेऊन खांब दोन बाजूंनी बघायचा, एका बाजूने सरळ दिसणारा खांब दुसऱ्या बाजूने हमखास कललेला असतो. मग डिशच्या कडेवर दोन दोऱ्या एकमेकींना छेदून ताणायच्या. मधोमध त्या नुसत्या टेकल्या पाहिजेत. बोटभर अंतर पडलं किंवा एक दोरी दुसरीला दाबायला लागली, तर डिश वाकलेली आहे आणि कितीही फिरवली तरी सिग्नलची पूर्ण क्वालिटी मिळणार नाही. शेवटी एलएनबीचं अंतर: व्यासाचा वर्ग, भागिले खोलीची सोळा पट. २४४ सेंटिमीटरची डिश ४० सेंटिमीटर खोल असेल तर ९३ सेंटिमीटर. टेपने कडेच्या तीन ठिकाणांहून एलएनबीपर्यंत मोजा, तिन्ही मापं सारखी हवीत. छोट्या छत्रीत यातलं काहीच करावं लागत नाही, कारखान्याने ते करून पाठवलेलं असतं.

बॉक्समध्ये एलएनबीची फ्रिक्वेन्सी म्हणून सी-बँडसाठी ५१५० आणि केयूसाठी ९७५०/१०६०० घालायला विसरू नका. मग डिश खांबावर अगदी सावकाश फिरवा, बोटभर सरकवून दोन-तीन सेकंद थांबायचं, कारण बॉक्सला समजायला वेळ लागतो. बॉक्स टीव्हीवर सिग्नलच्या दोन पट्ट्या दाखवतो. त्यातल्या स्ट्रेंथच्या पट्टीकडे बघू नका, ती डिश भिंतीकडे वळवली तरी बऱ्यापैकी भरलेली असते. बघायची ती क्वालिटी. ती मिळाली की एलएनबी स्वतःभोवती फिरवून बघा: ९३.५ साठी जळगावहून तो ३९ अंशांच्या आसपास तिरका लागतो, ८३ साठी साधारण निम्मा.

स्वस्तातलं काट्याचं सॅटफाइंडर (सिग्नल शोधायचं छोटं यंत्र) कुठल्याही उपग्रहावर आनंदाने ओरडतं, कुठल्या ते सांगत नाही. छोटीसाठी नुसता बॉक्स आणि अंगणात आणलेला टीव्ही पुरेसा. मोठीसाठी उपग्रहाचं नाव सांगणारं डिजिटल मीटर कुणाकडून तरी दिवसभरासाठी मागून आणा.

आणि मीटरशिवायही एक उत्तम साधन आहे. मार्चच्या ११ तारखेच्या आणि ऑक्टोबरच्या २ तारखेच्या आसपास सूर्य खानदेशातून बघताना याच उपग्रहांच्या रांगेतून सरकतो. मार्चमध्ये सव्वाअकराच्या सुमारास आणि ऑक्टोबरमध्ये अकराला पाच-सात मिनिटं असताना तो जळगावहून बरोबर ९३.५ च्या जागी असतो. त्या क्षणी एलएनबीची सावली डिशच्या मधोमध पडली तर नेम पक्का. या दिवसांत काही मिनिटं चित्र जातं तेही यामुळेच, मेकॅनिकला फोन करू नका. छोट्या छत्रीला ही युक्ती लागू नाही, तिचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो.

सहा, आठ, की मोटर

सहा फुटी एकाच जागी ९३.५ वर लावून ठेवणं मला पटत नाही. तिथल्या सी-बँडवर दूरदर्शनचं जे आहे, त्यातलं बरंचसं दोन फुटी छत्री तशीही देते. दुसरं असं की तीन अंशांच्या पट्ट्यात दोन-अडीच अंशांवरचा शेजारी उपग्रहही कडेला डोकावतो आणि कमकुवत वाहिन्यांत खरखर करतो. मोठी घ्यायचीच तर आठ फुटी घ्या आणि फिरती ठेवा. दहा फुटी घरी कुणी लावू नये.

फिरत्या डिशला ३६ व्होल्टची ढकलणारी मोटर लागते आणि खांबाच्या डोक्यावर ध्रुवाकडे तोंड केलेला अक्ष: आपल्याकडे आडव्यापासून सुमारे २१ अंश वर, आणि डिश त्यावर आणखी साडेतीन अंशांच्या आसपास दक्षिणेला झुकलेली. बरोबर दक्षिणेला असताना ती ६५ अंश उंच बघते. तिथे लावून बाकीचे उपग्रह आपोआप येतील अशी अपेक्षा असते, पण खांब अर्धा अंश कललेला असेल तर मधले येतात आणि टोकाचे हुकतात. म्हणजे पुन्हा ओळंबाच. ज्यांना मोटरचा व्याप नको त्यांनी दोन एलएनबी शेजारी लावायचा विचार करावा, पण ६६ आणि ६८.५ एकत्र होणार नाहीत. आठ फुटीवर त्यांच्या जागांत जेमतेम चार-पाच सेंटिमीटर पडतात आणि सी-बँडचा एलएनबी त्याहून जाड असतो.

भरीव की जाळी, याचं उत्तर इथे येतं. ६४-६५ अंशांकडे पाहणारी आठ फुटी डिश जवळजवळ आकाशाकडे तोंड करून निजलेली असते, आणि भरीव असेल तर खालच्या कडेला पाणी साचतं, पानं कुजतात, पत्रा तिथूनच गंजतो. तळाशी पेन्सिलएवढं भोक पाडून घ्या, नाहीतर जाळीची घ्या. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावलच्या बाजूला वानरांचा त्रास असेल तर मात्र भरीवच बरी, जाळी ती दोन दिवसांत दाबून टाकतात.

केबलवाल्यांच्या जुन्या डिश भंगारात अजून मिळतात. नवीपेक्षा त्या घ्याव्यात, त्यांच्या पाकळ्या, म्हणजे जोडून डिश बनते ते तुकडे, जाड असतात. सौदा करण्याआधी दोऱ्यांची ती तपासणी दुकानातच करा, पाकळ्यांचे बोल्ट मोजून घ्या आणि नवे स्टीलचे घाला. एलएनबी आणि केबल मात्र जुनी घेऊ नका. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात केबलचं आवरण तडकलेलं असतं, आणि पहिल्या पावसात पाणी कनेक्टरपर्यंत उतरतं.