सीईटीचं लॉगिन दुसऱ्याच्या मोबाइलवर: लॉ प्रवेशाच्या नावाखाली आम्हाला कसं लुबाडलं

मी बार्शीच्या मार्केट यार्डात एका आडतीवर दिवाणजी आहे. बावीस वर्षं लोकांच्या तुरीचा, हरभऱ्याचा हिशोब लिहितोय. शेतकऱ्याची पट्टी करताना रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाही, म्हणून शेठ माझ्या भरवशावर गल्ला सोडून गावाला जातात. त्याच माझ्याकडून एका माणसाने आठ महिन्यांत दोन लाख एकोणीस हजार पाचशे रुपये नेले. पैसे आज ना उद्या कमावता येतील. माझ्या थोरल्या लेकीचं वर्ष गेलं, ते मला सहन होत नाही. घरचे म्हणाले, लिहू नका, पोरीच्या नावाचा बोभाटा होईल. पण प्रवेशाचे दिवस आले की ते दुकान पुन्हा उघडणार, म्हणून लिहितोय.

लेकीला आठवीपासून वकील व्हायचं होतं. आमच्या भाऊबंदकीच्या जमिनीचा दावा तिने लहानपणापासून घरात ऐकलेला. 2024 च्या फेब्रुवारीत तिची बारावीची परीक्षा तोंडावर आली होती आणि पाच वर्षांच्या एलएलबीला सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, द्यावी लागते, एवढंच आम्हाला माहीत होतं. आमच्या भागात डॉक्टर-इंजिनिअरच्या परीक्षांबद्दल कुणालाही विचारा, रस्त्यावरचा माणूसही सांगेल. लॉचं विचारलं तर सगळे गप्प. मेव्हण्याच्या ओळखीने लातुरात एक 'प्रवेश मार्गदर्शन केंद्र' कळलं. मोबाइलच्या दुकानावर दोन खोल्या, भिंतीवर काळ्या कोटातल्या मुलामुलींचे फोटो. तो माणूस पस्तिशीचा, बोलायला अत्यंत नम्र. उठून पाणी दिलं, म्हणाला, "काका, तुम्ही निवांत ऱ्हावा. फॉर्मपासून अॅडमिशनपर्यंत पोरगी आता माझी." पस्तीस हजार ठरले. पंचवीस तिथेच दिले.

त्याच बैठकीत त्याने आणखी साडेचार हजार मागितले, क्लॅटच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या, फॉर्मचे. म्हणाला, राष्ट्रीय विधी विद्यापीठात लागली तर नशीबच उघडेल, मुंबई, नागपूर, संभाजीनगर तिन्हीकडे त्याच परीक्षेवर घेतात, आणि पेपर सीईटी झाल्यावर असतो. तिन्हीकडे त्याच परीक्षेवर घेतात, हे खरं आहे. पण त्या वर्षीच्या प्रवेशाची क्लॅट 3 डिसेंबर 2023 लाच होऊन गेली होती! झालेल्या परीक्षेचा फॉर्म भरायला त्याने फेब्रुवारीत पैसे घेतले आणि मी ते मोजून दिले. क्लॅट आदल्या वर्षीच्या डिसेंबरातच होते. बारावीत असतानाच तिचा फॉर्म भरावा लागतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याच क्षणी खुर्चीवरून उठलो असतो.

सीईटीचा फॉर्म त्याने आमच्यासमोर भरला. मोबाइल नंबर टाकायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "काका, तुम्ही आडतीत असता, फोन उचलत नाही. पोरीकडे मोबाइल नाही. ओटीपी वेळेत आला नाही तर फॉर्म अडकतो. माझाच नंबर टाकतो." ईमेलही त्यानेच नवा काढला. मला ते सोयीचं वाटलं. टेबलावर एक लांबट वही होती. विद्यार्थ्याचं नाव, अर्ज क्रमांक, पासवर्ड असे रकाने आखलेले. आमच्या लेकीचं नाव लिहिताना मी वरच्या ओळी पाहिल्या. कळंब, भूम, परंडा, उदगीर, सगळीकडची पोरं होती आणि पासवर्डच्या रकान्यात खाली खाली नुसती तीच ती खूण. सगळ्यांना एकच पासवर्ड. आमच्या आडतीत वीस शेतकऱ्यांचा माल एका नावावर चढवलेला दिसला असता तर मी खातं बंद केलं असतं. तिथे बसून मी चहा प्यायलो.

बारावीचे पेपर संपल्यावर ती तिकडे शिकायला जाऊ लागली. रोज एसटीने दोन-अडीच तास जाणं, तेवढंच येणं. शिकवणं म्हणजे झेरॉक्सचे गठ्ठे सोडवायचे आणि बाईंनी उत्तरं तपासायची. लेकीची ती वही मी जपून ठेवली आहे. प्रत्येक पानाच्या शेवटी लाल शाईत हिशोब: बरोबर 71, चूक 28, वजा 7, एकूण 64. चुकलेल्या प्रत्येक उत्तराला पाव गुण वजा. खाली बाईंचा शेरा: 'खात्री नसेल तर सोडून दे.'

राज्याच्या लॉ सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. कापतात ते क्लॅटमध्ये. त्या लोकांनी क्लॅटचे सराव संच आणून त्यांच्याच झेरॉक्स सीईटीच्या म्हणून वाटल्या होत्या. त्या वर्षापासून सीईटीचा पेपर 150 ऐवजी 120 प्रश्नांचा झाला होता: कायदेविषयक कल 32, तर्क 32, सामान्य ज्ञान 24, इंग्रजी 24 आणि गणित 8. केंद्रात मात्र गणितावर जवळजवळ तीन आठवडे गेले आणि कायद्याच्या भागाची दोन पत्रकं झाली. हे सगळं सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं, पुस्तिका फुकट मिळते. फॉर्म आम्ही भरला असता तर ती नजरेखालून गेली असती. दुसऱ्याने भरला, म्हणून ती उघडायची वेळच आली नाही.

मे महिन्यात परीक्षा झाली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, एकोणीस सोडले, पण चुकीचं काही लिहिलं नाही." खूश होती. संगणकावर सुरुवातीला सूचना आल्या होत्या, पण तिने घाईत पुढे ढकलल्या. दोन महिने जे अंगवळणी पडलं होतं, तेच हातून झालं. एकोणीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. डोळे मिटून खूण केली असती तरी चार-पाच गुण पदरात पडले असते, आणि तिथे एकेका गुणावर शेकडो पोरं पुढेमागे होतात. हे तिला पुढे कळलं तेव्हा दोन दिवस जेवली नाही. मी माझ्या पैशांचं दुःख विसरीन, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ती वही मांडीवर घेऊन बसलेली माझी पोर विसरणार नाही.

तरी निकाल वाईट नव्हता. पुण्यात नाही तर सोलापुरात नक्की काहीतरी मिळेल असं वाटत होतं. आता कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रिया सुरू झाली. सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असं नसतं. कॅपची नोंदणी वेगळी, तिचं शुल्क वेगळं, कागदपत्रं लॉगिनमधूनच अपलोड करायची आणि तपासणीही ऑनलाइन होते. याच टप्प्यावर त्याने दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं आणि शाळा सोडल्याचा दाखला 'पडताळणीला लागतात' म्हणून ठेवून घेतले, उरलेले दहा हजारही घेतले. मूळ कागद लागतात ते जागा मिळाल्यावर कॉलेजात, आणि तिथे आपण स्वतः घेऊन जायचे असतात. मधल्या माणसाकडे ते द्यायचं काहीच कारण नसतं.

पुढचं नीट वाचा, कारण आमच्यासारखी बरीच घरं इथेच बुडतात. कॅपमध्ये आपण कॉलेजांचा पसंतीक्रम भरतो. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. त्याने आम्हाला साध्या कागदावर यादी दिली होती, वर पुण्याची चार कॉलेजं, खाली सोलापूर. लॉगिनमध्ये भरलेली यादी वेगळी होती. तिथे पहिल्या क्रमांकावर आमच्यापासून सव्वादोनशे किलोमीटरवरचं एक खासगी विनाअनुदानित कॉलेज होतं. ते आम्ही कधी ऐकलेलंही नव्हतं. पहिल्या फेरीत तेच लागलं. वाटपपत्रावर स्पष्ट छापलेलं होतं: पसंती क्रमांक 1. अशा कॉलेजांत पोरं पाठवली की डोक्यामागे पैसे मिळतात, हे त्याच्याकडे काम केलेल्या एका पोरानेच मला पुढे सांगितलं.

मी तावातावाने गेलो, तर तो माझ्याआधीच हळहळला. "सर्व्हरचा घोळ झालाय काका. ती जागा सोडून द्या. पुण्यात मॅनेजमेंट कोट्यात बसवतो, माझं तिथे बोलणं झालंय." एक लाख ऐंशी हजार. पतसंस्थेची ठेव मोडली, साठ हजार मेव्हण्याच्या फोनवरून पाठवले. पैसे त्याच्या नावावर गेलेच नाहीत, दुसऱ्याच कुणाच्या बचत खात्यात गेले. "कॉलेजच्या अकाउंटंटचं खातं" असं त्याने सांगितलं. बाकीचे एक लाख वीस हजार सतरा दिवसांनी रोख दिले. त्यासाठी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. दोन्ही वेळा छापील पावती दिली, वर निळा शिक्का.

खरं काय आहे ते मी पुण्याला गेल्यावर कळलं. त्या कॉलेजच्या खिडकीवरच्या बाई भल्या होत्या. त्यांनी मला आत बसवून समजावलं. विनाअनुदानित कॉलेजात संस्था स्तरावरच्या जागा असतात, त्यांनाच लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात, पण त्यासाठीही कॉलेज जाहिरात देतं, रीतसर अर्ज मागवतं आणि सीईटीच्या गुणवत्तेवरच यादी लावतं. फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली, आणि ती कॉलेजच्या खात्यात भरायची. त्याहून जास्त घेतलेला पैसा म्हणजे देणगी. ती घेणं 1987 च्या कायद्याने बंद आहे आणि खासगी व्यावसायिक संस्थांसाठी 2015 चा वेगळा कायदाही आहे. भिंतीवर लावलेली यादी त्यांनी दाखवली. लेकीचं नाव कुठेच नव्हतं. तिच्या नावाचा अर्जच गेला नव्हता. मग त्यांनी पावती हातात घेतली आणि म्हणाल्या, "दादा, हा आमचा शिक्का नाही. आमचा गोल आहे."

परतीच्या एसटीत इंदापूरच्या आसपास मी त्या दोन पावत्या पुन्हा काढल्या. साठ हजारांची पहिली पावती, क्रमांक 41. सतरा दिवसांनंतरची दुसरी, क्रमांक 38. नंतरची पावती आधीच्या क्रमांकाची! मी जन्मभर पावत्या फाडतोय. पैसे देताना दोन्ही कागद माझ्या हातात होते, आणि मी फक्त रक्कम वाचली होती.

पोलिसात जायला मी अकरा दिवस लावले. ती माझी चूक, आणि तुमच्या हातून ती होऊ नये म्हणून सांगतो. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे. पैसे गेल्याचं कळलं त्याच घटकेला फोन लावला तर समोरच्या खात्यात ते गोठवता येण्याची आशा असते. आम्ही फोन केला तोवर खातं रिकामं झालं होतं. ठाण्यात सुरुवातीला "तुम्ही स्वतःहून दिलेत ना पैसे?" असं ऐकावं लागलं. पण सोबत वाटपपत्र, दोन पावत्या, व्यवहाराचा स्क्रीनशॉट आणि लेकीची वही होती. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (4) खाली गुन्हा दाखल झाला. पूर्वीचं चारशेवीस ते हेच. पोलिसांचा फोन गेल्यावर दुसऱ्या दिवशी मूळ गुणपत्रकं आणि दाखला आमच्या दारात आले, सोबत चाळीस हजार. उरलेले एक लाख एकोणऐंशी हजार पाचशे अजून आलेले नाहीत. तारखा चालू आहेत.

त्या वहीतली गावं मला आठवत होती, म्हणून मी स्वतः हिंडलो. सात घरं सापडली. दोघांनी माझ्यासोबत जबाब दिले. बाकीच्यांना पटत होतं, पण प्रत्येक घरात तेच उत्तर: पोरीचं लग्न व्हायचंय, नाव नको. एका आजोबांनी तर मलाच हात जोडले. त्यांच्यावर मी रागावू शकलो नाही. पण तो माणूस जगतो तो याच शरमेवर.

लेकीने बार्शीतच बी.ए.ला नाव घातलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं ठरवलं. तिला मी साधा मोबाइल घेऊन दिला. नोंदणी तिने घरी बसून स्वतः केली, तासभरही लागला नाही. माहितीपुस्तिका छापून आणली आणि पहिल्या रात्री मला मोठ्याने वाचून दाखवली. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, या ओळीला तिची बोटं थांबली, मग पुढे गेली.

केंद्र बंद झालंय, पाटी उतरली आहे, पण त्याचा जुना नंबर अजून लागतो. तो माणूस दुसऱ्या गावी दुसऱ्या नावाने बसेल अशी मला धास्ती आहे. तुम्ही 2024 च्या पावसाळ्यात लातुरात लॉच्या जागेसाठी कुणाला पैसे दिले असतील आणि निळ्या शिक्क्याची पावती घरात असेल, तर तिचा क्रमांक बघा. माझ्याकडे 38 आणि 41 आहेत. 39 आणि 40 कुणाच्या तरी कपाटात असणार. त्या घेऊन आपल्या ठाण्यात जा. माझा गुन्हा नोंदलेला आहे, तुमची तक्रार त्याला जोडता येईल.